शेजारच्या बागेतला बोर्ड

"आधी सांग, जागा कुणाची?"

कुठल्याही पाटीसमोर उभं राहिलं की ते पहिल्यांदा हेच विचारायचे. पाटीवर काय लिहिलंय ते वाचण्याच्याही आधी. डावा हात पाठीमागे, उजव्या हातात पोलादी टेप, मान थोडी कलती. नजर पाटीवर नसायची, ती जिथे जमिनीत रोवली असेल तिथे असायची. "मजकूर शेवटी वाचायचा," ते म्हणायचे. "आधी वाचलास तर डोळे फिरतात. मग नीट मोजता येत नाही."

तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल तर निवडणुकीच्या दिवसांत लोकांच्या पुढच्या बागेत लाकडी खुंट्यावर ठोकलेले बोर्ड पाहिलेच असतील. उमेदवाराचं नाव, पक्षाचा रंग, फार तर एक हसरा चेहरा. आपल्याकडच्यासारखे चौक झाकून टाकणारे फ्लेक्स इथे नाहीत. मी नागपूरहून आले त्या वर्षी असे बोर्ड पहिल्यांदा पाहिले आणि नवऱ्याला म्हटलं, "अरे, अर्धी गल्ली घरं विकून चाललीय का?" घर विकायचे बोर्डही असेच दिसतात. अशा माझ्या हातात पुढे या बोर्डांचं काम येईल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

लीड्सपासून बसने पाऊण तासावरच्या एका लहान गावात कौन्सिलचं ऑफिस. त्यात नियमभंगाच्या तक्रारी बघणारं आमचं टेबल, आणि त्या टेबलाला आम्ही दोघंच. ते आणि मी. ते मिरजेचे, पण तिशीच्या आतच इकडे आलेले. आधी कित्येक वर्षं कौन्सिलच्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या गँगमध्ये शिडी लावून काम केलेलं, मग गुडघे दुखायला लागले म्हणून ऑफिसात आलेले. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हणाले. ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "इथं सर राजा करतो. मला अजून केलेलं नाही." दुसऱ्यांसमोर मी त्यांना नावाने हाक मारायची, तिथली रीतच ती, आणि दोघंच असलो की काका.

निवडणूक जवळ आली की त्यांच्या अंगात वेगळंच काहीतरी यायचं. सकाळी सातला ते गावातून एक फेरी मारायचे. रस्त्याच्या खांबांवर, रेलिंगवर, गोल चौकातल्या हिरवळीवर कुणी बोर्ड लावला असेल तर तो काढायचा. खासगी जागेत असेल तर चार प्रश्न. जागा कुणाची? मालकाची परवानगी आहे का? खाली छापणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का? आणि मतदान संपल्यावर चौदा दिवसांत निघणार का? "तिसरा प्रश्न आपल्या खात्याचा नाही," ते प्रामाणिकपणे सांगायचे, "पण वाकलोच आहे तर बघून घ्यावं."

खांबांबद्दल त्यांना फार जिव्हाळा होता. "खांब उजेडासाठी असतो. त्याला मत नसतं."

पण त्यांनी एकही पोस्टर कधी फाडलं नाही. प्लास्टिकच्या पट्ट्या छोट्या कटरने कापायचे, बोर्ड फडक्याने पुसायचे, आणि आमच्या मागच्या खोलीत पक्षाप्रमाणे वेगवेगळे रचून ठेवायचे. मग प्रत्येक पक्षाच्या ऑफिसला फोन. "गुड मॉर्निंग. तुमचे सात जण आमच्याकडे आहेत. येऊन घेऊन जा." मी एकदा विचारलं, सात जण काय, सात बोर्ड म्हणा की. तर म्हणाले, "माणसाचा चेहरा आहे त्यावर. उन्हातान्हात उभा होता बिचारा."

एका वर्षी आपल्या मराठी मंडळातलेच एक डॉक्टर उभे राहिले. उत्साही कार्यकर्त्यांनी अकरा खांबांवर त्यांचे फोटो बांधले. काकांनी ते त्याच सकाळी उतरवले. दोनच दिवसांनी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता. काका एका रांगेत एकटेच, शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्या, आणि ते शांतपणे बटाटेवडा खाताहेत. शेवटी डॉक्टर स्वतः उठून आले.

"अहो, आपला माणूस उभा आहे, आणि तुम्हीच..."

"आपला आहे म्हणूनच साडेसातला काढले, डॉक्टर. लोक कामावर निघायच्या आत. बाकीच्यांचे दुपारी काढतो."

डॉक्टरांना हसू आवरेना. ते शेजारच्या खुर्चीत बसले, आणि हळूहळू बाकीच्या तीन खुर्च्याही भरल्या.

मला मतदानाचा हक्क आहे हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. माझा पासपोर्ट भारताचा. मी त्या वाटेला कशाला जाते? एक दिवस त्यांनी टेबलावर फॉर्म ठेवला. "भर. आपण कॉमनवेल्थवाले इथं राहत असलो तर मत देऊ शकतो." माझा विश्वासच बसेना. मी तीनदा विचारलं. ते म्हणाले, "मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही तीनदा विचारलं होतं. माझ्या शेजाऱ्याने सांगितलं मला."

हा शेजारी म्हणजे आमच्या जेवणाच्या सुट्टीतला तिसरा माणूस. डबे उघडले की काकांच्या तोंडी तो यायचाच. "आमच्या शेजाऱ्याने काल टोमॅटोची रोपं दिली." "आमच्या शेजाऱ्याला आता कारल्याची भाजी आवडायला लागलीय, खोटं बोलत असेल, पण खातो." बर्फ पडला की तो दोन्ही घरांसमोरचा बर्फ ओढायचा. काकू गेल्या तेव्हा तो काळा टाय लावून स्मशानात आला होता. तेराव्याच्या जेवणाला बूट काढून जमिनीवर बसायचा त्याने प्रयत्न केला, आणि ताटातला लाडू कागदी रुमालात बांधून आपल्या बायकोसाठी घरी नेला, ती बाहेर पडू शकत नव्हती म्हणून. हे सांगताना काका नेहमी त्या लाडवापाशी थांबायचे आणि पाणी प्यायचे.

सव्वीस वर्षांचा शेजार. मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, पण रस्त्यात भेटला असता तर ओळखलं असतं असं मला वाटायचं.

कौन्सिलच्या निवडणुकीला तीन आठवडे उरले असताना एक ईमेल आली. एका बाईंची तक्रार. त्यांच्या रस्त्यावर एका घराच्या पुढच्या बागेत एका अपक्ष उमेदवाराचा बोर्ड लागलाय, मुलीला शाळेत सोडताना रोज त्यावरून जावं लागतं, आणि मुलगी त्याचा अर्थ विचारते. फोटो जोडला होता. बोर्डवर सावळ्या चेहऱ्यांच्या माणसांची लांबलचक रांग, आणि वर मोठ्या अक्षरांत: "आता पुरे. यांना परत पाठवा."

काकांनी पत्ता वाचला. माउसवरचा त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, एक फॉर्म काढला, त्यावर लिहिलं की या जागेला लागून माझं स्वतःचं घर आहे, म्हणून ही तक्रार मी हाताळू शकत नाही. सही केली. कागद माझ्याकडे सरकवला.

"तू जा."

जोडघरांचा साधा रस्ता होता तो. लाल विटा, दारापुढे छोट्या बागा, कचऱ्याचे डबे रांगेत. काकांचं घर कुठलं ते खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीवरून लगेच कळलं. आणि त्याला चिकटलेल्या घरासमोर तो बोर्ड. दोन्ही बागांच्या मधोमध म्हणावा असा, रुंद सिमेंटच्या वाटेच्या कडेला.

म्हणजे हा तोच शेजारी होता. बर्फ ओढणारा. लाडू नेणारा.

मी तिथे किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. काकांनी शिकवलेलं सगळं मी विसरले; मी मजकूरच आधी वाचला, आणि पुन्हा पुन्हा वाचत राहिले. रांगेतल्या एका बाईच्या अंगावर दुपट्टा होता. कडेवर मूल. ती माझ्यासारखी दिसत नव्हती, पण ते छापणाऱ्याला काय फरक पडणार होता?

मग टेप काढला. आकार बरोबर. फूटपाथवर एक इंचही झुकलेला नाही. गाडी वळवणाऱ्याच्या नजरेला काही आड येत नाही. खाली छापणाऱ्याचं नाव-पत्ता. मी मनापासून चूक शोधत होते आणि ती सापडत नव्हती.

ऑफिसात परतले तेव्हा काका डबा धूत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोज सकाळी दिसतो."

"किती दिवस?"

"नऊ."

नऊ दिवस! तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले नऊ दिवस जेवताना शेजाऱ्याचा विषयच निघाला नव्हता, आणि मला ते जाणवलंही नव्हतं.

"तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? बोर्ड नियमात आहे. लावलाही अगदी सरळ. हातोडी माझीच आहे. मागच्या वर्षी नेली होती, परत करायची राहिली."

मला रडू यायला लागलं, रागाने. "काका, त्यावर आपण आहोत! तुम्हाला राग येत नाही?"

"येतो." त्यांनी डब्याचं झाकण पुसलं. "पण तो फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहू?"

मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, की आज मला आवडला नाही म्हणून हा काढला, तर उद्या या खुर्चीत दुसरं कुणी बसेल, आणि त्याला डॉक्टरांचा चेहरा आवडणार नाही. मला ते पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच बहुधा मी जास्त चिडले. मी म्हणाले, "तुम्ही नियमाच्या मागे लपता, काका. घाबरट आहात तुम्ही."

त्यांनी डब्याला झाकण लावलं. डबा पिशवीत ठेवला आणि टेबलाशी जाऊन बसले.

आता जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे, आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही.

बोर्ड जिथे रोवला होता ती जागा माझ्या मनातून जात नव्हती. ती सिमेंटची वाट फार रुंद होती. त्या रस्त्यावर कुणाच्याच दारात एवढी रुंद वाट नव्हती. जमिनीच्या मालकीचे नकाशे इथे कुणालाही मागवता येतात. मी दोन्ही घरांचे मागवले, टेप घेऊन एका दुपारी परत गेले आणि मोजलं. नकाशातली हद्द आणि बागेतली हद्द यांत दोन फुटांचा फरक होता. बोर्ड ज्या मातीत उभा होता ती माती शेजाऱ्याची नव्हतीच. ती काकांची होती.

मालकाची परवानगी नाही. संपलं! मी ऑफिसात फोन करायला हवा होता. काकांना विचारायला हवं होतं. मी सरळ शेजाऱ्याची बेल दाबली.

दार उघडलं ते एका उंच, थकलेल्या म्हाताऱ्याने. कानात यंत्र, पायात घरातल्या सपाता, स्वेटरवर पावाचे कण. त्याने माझ्या गळ्यातलं कौन्सिलचं कार्ड वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"तू त्याच्या ऑफिसातली ना? तो तुझ्याबद्दल सांगत असतो. आत ये. चहा टाकतो."

मी तयारी केली होती ती भांडायची. या आवाजाची नाही. मी दारातच उभी राहिले आणि बोर्डकडे बोट केलं. तो थोडा गोंधळला, मग हात हलवत म्हणाला, "ते त्याच्याबद्दल नाही गं. तो आमच्यातलाच आहे. तूसुद्धा. ते आता जे येतात ना, त्यांच्याबद्दल आहे."

"मी चार वर्षांपूर्वी आले," मी म्हणाले.

"पण तू नोकरी करतेस," तो म्हणाला. समजूत काढल्यासारखा, अगदी प्रेमाने.

त्या प्रेमाने मी जास्त हादरले. शिवी दिली असती तर माझ्यापाशी उत्तर होतं. मी पिशवीतून नकाशा काढला, त्याच्यापुढे धरला आणि जमेल तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं की बोर्ड ज्या जागेवर आहे ती जागा तुमची नाही, मालकाची लेखी परवानगी नसेल तर तो काढावा लागेल.

त्याने नकाशाकडे पाहिलंच नाही. तो माझ्या खांद्यावरून त्या सिमेंटच्या वाटेकडे पाहत राहिला. त्याच्या गालावरचा रंग उतरताना मला दिसला.

"त्याने पाठवलं तुला?"

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द. मी म्हणाले, "मी कौन्सिलतर्फे आले आहे." वाक्य खरं होतं. त्याने त्यातून जे ऐकलं ते खरं नव्हतं, आणि मला ते कळत होतं.

त्याने दार आपटलं नाही. सावकाश लावलं, आतून कडी घातल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथेच होते.

ऑफिसात मी जवळजवळ पळतच गेले. काकांपुढे नकाशा पसरला. "काका, दोन फूट! तुमची जागा आहे ती. तुमच्या परवानगीशिवाय बोर्ड राहू शकत नाही. मी आत्ताच सांगून आले त्याला."

त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"तुला मोजायला कुणी सांगितलं होतं?"

पलीकडच्या टेबलांवरची माणसं वळून पाहायला लागली. काका उठले होते ते परत बसले. चष्मा काढून नकाशावर ठेवला. मग मला नाही तर त्या चष्म्याला सांगत असल्यासारखं बोलायला लागले.

शेजाऱ्याची बायको होती तेव्हाची, तिला व्हीलचेअर आली त्या वर्षीची गोष्ट. दोन घरांमध्ये झुडपांचं दाट कुंपण होतं आणि त्याच्या बाजूची वाट अरुंद. चाक झुडपात अडकायचं. ती रस्त्यातच थांबून राहायची आणि हसत म्हणायची, माझी काळजी नको, मी फुलं बघतेय. एका रविवारी काकांनीच फावडं काढलं. दोघांनी मिळून झुडपं उपटली, दोरी ताणली, आणि काका आपल्या बाजूला दोन फूट सरकले. शेजाऱ्याने विचारलं, कागद करायचा का? काका म्हणाले, नको. पुढच्या रविवारी दोघांनी सिमेंट ओतलं. काकूंनी दोघांना भजी तळून दिली.

"एवढ्या नोकरीत जागा कुणाची हे मी विचारलं नाही अशी ती एकच जागा," काका म्हणाले. "त्याच्या मनात आता असं बसलं असणार, की मी इतकी वर्षं नकाशा उशाखाली घेऊन झोपत होतो."

मी म्हणाले, "मी जाऊन सांगते त्याला, की तुम्ही पाठवलं नव्हतं."

"आता काहीही सांगितलंस तरी ते सांगायला तुला मीच पाठवलं असं होईल."

मग त्यांनी जे केलं त्याने मला पुन्हा धक्का बसला. कोरा कागद घेतला आणि सुंदर अक्षरात तीन ओळी लिहिल्या. मी या जागेचा मालक आहे. इथे लावलेल्या निवडणुकीच्या बोर्डला माझी परवानगी आहे. मतदानानंतर चौदा दिवसांपर्यंत. खाली सही. एक प्रत माझ्या फाइलमध्ये लावली. "तक्रार बंद कर. सगळं नियमात आहे."

"तुम्ही परवानगी देताय? त्या बोर्डला?"

"उद्या तो बोर्ड काढेल," काका म्हणाले, "पण कशामुळे? नकाशामुळे. मला तो नकाशामुळे निघायला नको होता." ते खिडकीकडे वळले. "रोज सकाळी तो दूध घ्यायला बाहेर येतो. मी चहा घेऊन खिडकीत असतो. आम्ही हात करतो. मला वाटायचं, एखाद्या सकाळी तो आधी बोर्ड वाचेल आणि मग माझ्याकडे बघेल. एवढंच. मी त्याला वेळ देत होतो."

ज्याला मी घाबरट म्हटलं होतं तो माणूस रोज सकाळी त्या बोर्डासमोर चहा घेऊन उभा राहत होता.

पत्र त्यांनी स्वतः शेजाऱ्याच्या दाराच्या फटीतून आत टाकलं. उत्तर आलं नाही. बोर्डही निघाला नाही. मतदानाच्या दिवशी काका शाळेतल्या केंद्राबाहेर नेहमीसारखे फिरले, दारालगत कुणी पत्रकं चिकटवली नाहीत ना ते बघत. तो अपक्ष पडला. थोडक्यात पडला, हे मला निकाल ऐकताना फार लागलं. आमच्या गावात एवढी माणसं होती तर!

शुक्रवारी काका ऑफिसात आले आणि कोट अडकवता अडकवता म्हणाले, "निघाला. चौदा दिवस होते त्याच्याकडे. एक लागला."

मला हायसं वाटलं. वाटलं, आता दोन-चार दिवसांत टोमॅटो सुरू होतील.

टोमॅटो सुरू झाले नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी मी घरी जाताना मुद्दाम त्या रस्त्यावर उतरले. दोन्ही बागांमध्ये नवं कोरं लाकडी कुंपण उभं होतं. डोक्याएवढं उंच, फटी नसलेलं. माझ्या नकाशातल्या रेषेवर. त्यासाठी त्याने ती सिमेंटची वाट मधोमध फोडली होती आणि खांब रोवले होते. वाटेचा एक तुकडा त्याच्याकडे, एक काकांकडे. काकांच्या बाजूच्या तुकड्यावर व्हीलचेअर घसरू नये म्हणून काढलेल्या आडव्या रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. "काका, माझं चुकलं."

"एका इंचाचाही फरक नाही," ते म्हणाले. "मी मोजलं."

त्यापुढे त्या कुंपणाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. उन्हाळाभर ते वेळेवर आले, वेळेवर गेले. जेवताना पेपर वाचायला लागले. शरद ऋतूत एक दिवस सगळ्या ऑफिसला त्यांची दोन ओळींची मेल आली. नोकरी सोडतोय, घर विकलंय, सगळ्यांचे आभार. मला आधी सांगितलं नव्हतं. समोरासमोर बसून मीही ते इतरांसारखं स्क्रीनवर वाचलं, आणि मान वर केली तर ते पेन्सिलीला टोक करत होते.

सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला गेले. मसाल्याचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळले, देव एका टॉवेलमध्ये नीट बांधले. भाड्याची व्हॅन घेऊन एकच ड्रायव्हर आला होता. दुसरा माणूस आजारी होता म्हणे. काकूंचं सागवानी कपाट जिन्यावर आणलं आणि अडकलं. वर ड्रायव्हर, खाली काका, त्यांचे गुडघे थरथरताहेत. मी धरायला गेले तर म्हणाले, "तू बाजूला हो. अंगावर येईल."

उघड्या दारात सावली पडली. शेजारी आला होता. कुंपणाला वळसा घालून, फूटपाथवरून, फाटकातून. स्वेटरच्या बाह्या वर सरकवलेल्या. कुणाकडे न बघता तो जिन्यापाशी गेला आणि काकांच्या शेजारी खालचं टोक धरलं.

"डावीकडे," काका म्हणाले.

"थांब. आता खाली."

"पायरी आहे."

"माहीत आहे मला."

एवढंच. कपाट व्हॅनमध्ये चढलं. शेजाऱ्याने पॅन्टला हात पुसले. काका इंग्रजीत म्हणाले, थँक्यू. त्याने मान हलवली. मला वाटलं आता काहीतरी होईल, दोघांपैकी कुणीतरी बोलेल. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, घराच्या किल्ल्या तपासल्या आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. व्हॅन कोपऱ्यावर वळली.

फूटपाथवर आम्ही दोघंच राहिलो, तो आणि मी. मी त्याला माफ केलं नव्हतं. आजही केलेलं नाही. आणि मला बघून त्यालाही बरं वाटायचं काही कारण नव्हतं.

"कुठे चाललाय तो?" त्याने विचारलं.

"लेस्टरला. मुलीकडे."

"मला म्हणाला नाही."

तो कोपऱ्याकडेच पाहत होता. मग अचानक माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी धास्ती होती.

"मोटरवेवर त्याला मळमळतं. खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, त्याच्या बाजूची. ड्रायव्हरला कुणी सांगितलंय का?"

नाही, मी म्हणाले. कुणीच सांगितलं नव्हतं.